खाली धूळ फार असते

‘यानंतरची फिल्म आपल्या धुळ्याचेच एक तरुण व्यापारी, श्री. लखीचंदजी, यांनी काढलेली आहे,’ असं प्राध्यापक अभिमन पाटील म्हणाले तेव्हा राजकुंवरला वाटलं, दुसराच कुणीतरी लखीचंद असेल. धुळ्यात लखीचंद काय थोडे होते? मग दोन रांगा पुढे, पुरुषांच्या बाजूला, तिला आपल्या भावाची मान दिसली. सकाळीच हजामत केलेली मान, कोटाची कॉलर आणि कॉलरवर हळूहळू लाल होत गेलेले कान. त्याने मागे वळून पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या भाभीने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी हाडात रुतली. ‘बोलू नका हं, बाईसा,’ भाभी पुटपुटली. म्हणजे भाभीला माहीत होतं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. तेवढ्यात दिवे गेले.

कॉलेजच्या त्या सभागृहात तीन दिवस माहितीपटांचा महोत्सव चालला होता. मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून फिल्म आल्या होत्या. धरणाची एक, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीची एक, साक्रीकडच्या डोंगरात पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या बायकांची एक. त्या फिल्म मोठ्या यंत्रावर चालत आणि भिंतीएवढा पडदा भरून टाकत. तिची फिल्म आठ मिलिमीटरची. तिच्यासाठी कुणीतरी खुर्च्यांच्या मधोमध एक स्टूल आणून ठेवलं, स्टुलावर छोटंसं यंत्र ठेवलं, आणि पडद्याच्या ऐन मध्यावर एका कपाटाच्या दाराएवढा उजेड पडला. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कापडावर एवढीशी चौकट. मागून कुणीतरी हसलं. राजकुंवरला अंगावरचं लुगडं आखूड झाल्यासारखं वाटलं. मग चौकटीत सासरच्या जिनिंगचं, कपाशीतून सरकी काढायच्या गिरणीचं, आवार आलं, आणि ती सगळं विसरली. म्हणजे विसरायला हवी होती, पण विसरता येईना. मनगट भाभीच्या हातात होतं.

पांढरं आवार. ढिगाच्या ढीग कपाशी. ढिगांमधून टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका, वरून पाहिल्यामुळे डोकी आणि खांदे एवढ्याच उरलेल्या. चौकटीच्या डाव्या कडेला एक जाड काळा पट्टा, वरपासून खालपर्यंत, अस्पष्ट. तो खिडकीचा गज. किती प्रयत्न केले होते तिने तो टाळायचे! कॅमेरा दोन गजांच्या मध्ये धरला की उजवीकडचं गोदाम सुटायचं. गोदाम धरलं की गज आत यायचा. शेवटी तिने गजाशी भांडण सोडून दिलं होतं. असू दे म्हटलं, एवीतेवी तो डोळ्यांसमोर असतोच.

कॅमेरा तिच्या नवऱ्याने, हस्तीमलांनी, आणला होता, धाकट्या दिराच्या लग्नात. मुंबईला कापसाच्या गाठींच्या कामाला गेले आणि येताना कातडी पेटीतून ते यंत्र घेऊन आले. लग्नात त्यांनी चावी देऊन देऊन वरात काढली, पंगती काढल्या, पण नंतर रीळ धुऊन आलं तर अर्ध्याहून जास्त वरात धुरकट, आणि पंगतीत सगळ्यांचे फक्त पाय. घरातले पोट धरधरून हसले. हस्तीमलही हसले, त्यांचा स्वभावच तसा, रागवायचं त्यांना जमतच नसे. ‘घे बाई, तूच खेळ,’ म्हणून त्यांनी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून मुलीचे वाढदिवस, सासूबाईंचं वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभराच्या उपासाचं पारणं, सासऱ्यांच्या, बाबूजींच्या, नव्या दुकानाचं पूजन असं सगळं तीच काढायची. चांगलं काढायची. पाहुणे आले की बाबूजी भिंतीवर धोतर टांगायला लावत आणि म्हणत, ‘आमच्या सूनबाईंचा सिनेमा बघा.’ त्यात कौतुक असे. फक्त त्या कौतुकाला एक कुंपण असे, आणि ते कुठून सुरू होतं हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, कारण ती कधी तिथवर गेली नव्हती.

खिडकी माडीवरच्या खोलीची. घर आणि जिन यांच्यामध्ये एकच भिंत. दुपारी सगळे निजले की ती खिडकीशी वेताचा मोडा घेऊन बसायची. हंगामात जिनचा घरघराट इतका सततचा असे, की रविवारी तो बंद पडला म्हणजे कानांत पोकळी व्हायची. खाली उन्हात बायका कपाशीचा पालापाचोळा आणि डागी बोंडं निवडत बसायच्या. त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई. तरुण बायका त्यामुळे म्हाताऱ्या दिसायच्या आणि म्हाताऱ्या कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या. पाच वर्षं ती ते बघत होती. एके दिवशी कॅमेऱ्यात मुलीच्या वाढदिवसातलं थोडं रीळ शिल्लक होतं, ते संपवल्याशिवाय धुवायला पाठवता येत नव्हतं, म्हणून तिने कॅमेरा खिडकीला लावला. चौकटीत एक बाई आली. उंच, काटकुळी. ढिगाच्या आडोशाला बसून मुलाला पाजत होती आणि पाजता पाजता दुसऱ्या हाताने निवडतच होती. मूल एकीकडे, हात एकीकडे, डोळे तिसरीकडेच. राजकुंवरच्या बोटाखाली यंत्र कुरकुरत होतं, आणि ते थांबवावं असं तिला वाटेना. नंतर तिला त्या बाईचं नाव कळलं, तानुबाई. मुकादमाने हाक मारली तेव्हा. नावाखेरीज दुसरं काहीच कधी कळलं नाही.

आता ती तानुबाई धुळ्याच्या पडद्यावर मुलाला पाजत होती, आणि सभागृहातलं हसू थांबलं होतं. राजकुंवरला अंधारात लोकांच्या बसण्यातला फरक कळला. खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. कुणीतरी खोकला दाबला. दोन हिवाळ्यांतून ती एक एक तुकडा काढत गेली होती, मुंबईच्या अडत्यामार्फत धुऊन आणत गेली होती, दुपारी कैचीने कापून चिकटवत गेली होती, आणि कुणाला तरी ते दाखवावं असं मनात आलं की स्वतःच स्वतःला गप्प करत गेली होती. भावाने पत्रात सहज लिहिलं होतं, की कॉलेजात असा महोत्सव आहे, हौशी लोकांच्या फिल्मही दाखवणार आहेत. चार दिवस माहेरी ये, बघायला मिळेल. तिने येताना रीळ लुगड्यांच्या घडीत घालून आणलं. ‘भाऊ, देशील का नेऊन?’ एवढंच ती म्हणाली होती. एवढं म्हणायलाही जळगाव ते धुळे एस. टी.च्या प्रवासभर तिने शब्द जुळवले होते. तो म्हणाला, ‘देईन की. त्यात काय?’

चौकटीत तानुबाईने मान वर केली. सरळ खिडकीकडे, सरळ कॅमेऱ्यात, सरळ या अंधाऱ्या सभागृहात बघितलं. कपाळाला हात लावून उन्हाला आडोसा केला आणि तोंडाने काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते ना तेव्हा ऐकू आलं होतं ना आता. मग तिने मूल उचललं आणि ढिगाच्या पलीकडे गेली, आणि चौकटीत नुसती कपाशी राहिली, बराच वेळ. तेव्हा राजकुंवरचं बोट कळीवरून निघालंच नव्हतं. ती परत येईल असं वाटत होतं.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. तोंडदेखल्या नव्हेत, मनापासूनच्या, थोड्या उशिरा सुरू झालेल्या. आणि पुढच्या रांगेतून टिपणीस उठले. हे मुंबईहून आलेले पाहुणे. साक्रीच्या बायकांची फिल्म त्यांचीच. पिकलेले लांब केस, खादीचा झब्बा, बोलताना हवेत चौकोन करणारे हात. ते म्हणाले, ‘लखीचंदजी, या बरं इकडे. अहो या, लाजू नका.’ आणि तिचा भाऊ उठून स्टेजवर गेला. उभा राहिला तो कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे उभा राहतो तसाच, हात पुढे बांधून.

‘मी तीस वर्षं या धंद्यात आहे,’ टिपणीस सभेला म्हणाले. ‘पण असा संयम मी पाहिला नाही. तुमच्या लक्षात आलं का? कॅमेरा एकदाही खाली उतरत नाही. एकदाही नाही! कुणाही नवशिक्याला मोह झाला असता, की चला, जवळ जाऊ, तिचा चेहरा मोठा घेऊ. यांनी तो मोह टाळला. आणि तो काळा पट्टा! मालक आणि मजूर यांच्यामधली ती रेघ कशी सतत डोळ्यांत खुपत ठेवलीय. लखीचंदजी, मला सांगा, खाली न उतरण्याचा हा निर्णय तुम्ही कधी घेतलात?’

भावाने घसा खाकरला. त्याची नजर सभागृहावरून फिरत फिरत बायकांच्या बाजूला आली आणि तिच्यावर थांबली. ती नजर तिच्या ओळखीची होती. लहानपणी लोणच्याची बरणी तिच्या हातून फुटली, वडिलांची छत्री तिने विहिरीत टाकली, शाळेच्या फीचे पैसे तिने हरवले. दर वेळी वडील विचारायचे, ‘कुणी केलं?’ आणि हा दोन वर्षांनी मोठा भाऊ तिच्याकडे असाच एकदा बघायचा आणि म्हणायचा, ‘मी केलं.’ मार खायचा. नंतर पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसायचा आणि मार कसा लागलाच नाही ते सांगायचा. तिचे सगळे अपराध त्याने आयुष्यभर आपल्या नावावर घेतले होते. आजही त्याने तेच केलं होतं.

‘खाली धूळ फार असते,’ भाऊ म्हणाला. ‘कापसाची. लेन्स खराब होते.’

सगळं सभागृह हसलं. टिपणीस तर मान मागे टाकून हसले. ‘वा!’ ते म्हणाले. ‘खरा कलावंत असाच बोलतो. सिद्धान्त वगैरे आपण चिकटवायचे, तो म्हणतो, धूळ होती!’ पुन्हा टाळ्या पडल्या. भाभीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली आणि त्यासाठी तिने राजकुंवरचं मनगट सोडलं. मनगटावर बांगडीचा वळ उठला होता. राजकुंवर तो वळ बघत राहिली. तिलाही हसू येत होतं, हेच भयंकर होतं. खाली धूळ असते, हे खरंच होतं. सासूबाईही तेच म्हणायच्या. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने आवारात जाऊन बघू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘कशाला बेटा, खाली किती धूळ!’ किती मायेने म्हणाल्या होत्या. बस, तेवढंच. त्यानंतर सात वर्षांत तिने विचारलं नाही आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात चहा होता. जानेवारीचं ऊन तिरपं येऊन कपबश्यांवर पडलं होतं. भावाभोवती माणसं जमली होती, आणि तो एकेकाला तेच तेच उत्तर देत घामाघूम झाला होता. राजकुंवर भाभीबरोबर खांबाशी उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. टिपणीस भावाला म्हणत होते, ‘महिनाभर मुंबईला या. माझ्या युनिटबरोबर काम करा. नजर आहे तुम्हाला. दुकान काय, कुणीही चालवेल.’ भाऊ म्हणत होता, ‘नाही जमणार साहेब. लग्नसराई तोंडावर आलीय.’ ‘अहो, वाया घालवताय स्वतःला!’ ‘असू द्या साहेब. आमची हौस आपली एवढीच.’

‘आमची हौस आपली एवढीच’ हे शब्द ऐकले आणि राजकुंवरने हातातला कप भाभीला दिला. नाव गेलं त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. पण तिच्या वतीने तो ‘नाही’ म्हणत होता, इतक्या सहज, कात्रीने कापड कापावं तसं. आणि ते ‘नाही’ तिने स्वतः म्हटलं असतं त्याहून वेगळं नव्हतं. हे तिला सहन होईना. ती चालत गेली. मधल्या चार-सहा पुरुषांनी अदबीने वाट दिली. त्यांना वाटलं, बहीण भावाला काहीतरी सांगायला आली असेल, घरी निघायचं असेल.

‘फिल्म मी काढलीय,’ ती म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. भाऊ म्हणाला, ‘राज...’ आणि थांबला. प्राध्यापक पाटील बशी हातात घेऊन जवळ आले.

‘आपण?’ टिपणीस म्हणाले.

‘आमच्या माडीच्या खिडकीतून. जळगावला. तो पट्टा म्हणजे गज आहे. तो मी ठेवला नाही, तो तिथे आहेच. आणि खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. मी कधी खाली गेलेलीच नाही.’

‘कधीच नाही?’

‘नाही.’

टिपणीस तिच्याकडे बघत राहिले. आता ते रागावतील किंवा हसतील असं तिला वाटलं, आणि दोन्हींची तिची तयारी होती. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांनी पाटलांचा दंड धरला. ‘पाटील, अहो पाटील! ही खरी फिल्म!’ ते म्हणाले. ‘ती दाखवली ती नव्हे, ही! जिनिंगमालकाची सून, सात वर्षं खिडकीत बसलेली, आणि हातात कॅमेरा! खाली मजुरीण, वर ही, आणि दोघीही अडकलेल्या!’ त्यांचे हात हवेत चौकोन करू लागले, आणि त्या चौकोनाच्या मधोमध ती होती. ‘तुम्हाला खिडकीत बसवायचं. उजेड मागून. चेहरा अर्धा दिसला तरी पुरे. मी मार्चमध्ये युनिट घेऊन येतो. लखीचंदजी, तुमची हरकत नाही ना? यांच्या मिस्टरांशी मी स्वतः बोलेन. सासऱ्यांशीही बोलेन.’

‘आणि मी काय काढायचं?’ राजकुंवरने विचारलं.

‘अं?’

‘कॅमेऱ्यातून. मी त्यात काय काढायचं?’

टिपणीस मायेने हसले. ‘तुम्ही काही करायचं नाही, ताई. रोज जे करता तेच करायचं. फक्त बसायचं.’

परतायला त्यांनी टांगा केला. आग्रा रोडवरून ट्रक जात होते, घोडा बुजत होता. घराच्या वळणावर भाभी भाजीसाठी उतरली, तेव्हा भाऊ म्हणाला, ‘माझं काय जात होतं गं? माझ्या नावावर असती तर तू अजून दहा काढल्या असत्यास. कुणी विचारलं नसतं.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे.’ ‘मग कशाला बोललीस?’ तो मार खायला उभा राहिला होता आणि तिने त्याला बाजूला ढकललं होतं. इतकी साधी गोष्ट होती, आणि तरी त्याचे डोळे भरून आले होते. ‘आता जळगावात गोंधळ होईल,’ तो म्हणाला. ‘खिडकीला फळ्या ठोकतील.’ तिलाही तेच वाटत होतं. खरं तर कुठेतरी आत तिला तेच हवं होतं. कुणीतरी ओरडावं, कॅमेरा हिसकावून घ्यावा, म्हणजे भिंत नेमकी कुठे आहे ते हाताला लागेल.

पण जळगावात कुणी ओरडलं नाही. टिपणीसांचा ट्रंककॉल तिच्या आधी पोचला होता. ती घरी आली तेव्हा बाबूजी ओसरीत झोपाळ्यावर बसले होते, आणि हस्तीमल त्यांच्या बाजूला उभे होते. ती पाया पडली. बाबूजी म्हणाले, ‘सूनबाई, मुंबईचे लोक म्हणे आपल्याकडे सिनेमा काढणार.’ ती खाली बघत उभी राहिली. ‘तुमच्यावर. आणि आपल्या जिनवर.’ मग ते इतके मोकळे हसले, की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. ‘आम्हाला काय ठाऊक, सूनबाई एवढ्या हुशार! हस्ती, आवाराला चुना मारून घे. माडीची खिडकीही रंगव. जुनाट दिसते.’ सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. हस्तीमल खोलीत आल्यावर म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस? मी नाही म्हटलं असतं का?’ नसतं म्हटलं. ते कधीच नाही म्हणाले नव्हते. ती त्यांच्या भल्या, गोऱ्या, घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, या घरात आपण श्वास घ्यायला तोंड उघडलं तरी कुणीतरी त्यात साखर घालील.

फेब्रुवारीभर तयारी चालली. खिडकीचे गज हिरवे झाले. ती दुपारी मोड्यावर जाऊन बसे, पण आता ते बसणं बसणं राहिलं नाही. पदर कसा आलाय, चेहरा किती दिसतोय, मागून उजेड कसा पडतोय, हेच मनात. खालच्या बायकांकडे नजर लागेना. कॅमेरा एकदा हातात घेतला, डोळ्याला लावला, आणि तिला स्वतःची पाठ दिसायला लागली. कुणीतरी मागून पाहतंय असं सारखं वाटे. मागे वळली तर नुसतं कपाट. तिने कॅमेरा पेटीत ठेवून दिला. झोपेत तिला तानुबाईचं ते तोंड दिसायचं, उन्हाला आडोसा करून काहीतरी म्हणणारं. काढू का म्हणून मीही हिला विचारलं नव्हतं, असं तिच्या मनात यायचं. मग लगेच यायचं, मला तरी कुठे बोलता येत होतं एवढ्या उंचीवरून? आणि हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा अंगावर जास्त येई.

मार्चमध्ये युनिट आलं. जीप, तिवई, मोठा काळा कॅमेरा, उजेड परतवणारे चंदेरी पत्रे. टिपणीसांनी माडीच्या खोलीतला पलंग हलवला, कपाट हलवलं, मुलीला आजीकडे पाठवलं. ‘बसा, ताई. नेहमीसारख्या बसा. कॅमेरा हातात घ्या. नाही, डोळ्याला नको, नुसता मांडीवर. हां. आता खाली बघा.’ त्यांनी हाताने तिची हनुवटी न शिवता वळवल्यासारखी केली. ‘अस्सं. आता काही करू नका.’

तिने खाली पाहिलं. चुना मारलेलं आवार डोळ्यांत जात होतं. बायकांना त्या दिवशी धुतलेली लुगडी नेसून यायला सांगितलं होतं, आणि त्या ढिगांपाशी पाहुण्या आल्यासारख्या अवघडून बसल्या होत्या. मुकादमाने त्यांना मधून मधून वर बघायला सांगितलं होतं. त्या बघत होत्या, सगळ्या एकदम. तानुबाईही बघत होती. तिच्या मांडीवर मूल नव्हतं. मोठं झालं असेल, किंवा दुसरं काही. मागे यंत्र सुरू झालं. तिच्या यंत्रासारखी कुरकुर नव्हे, जड, एकसुरी घुरघुर, मानेवर ऊन पडावं तशी मानेवर पडणारी. राजकुंवर उठली आणि मांडीवरचा कॅमेरा तिने मोड्यावर ठेवला.

‘ताई? अहो ताई, कुठे निघालात?’

जिना उतरताना तिला कुणी अडवलं नाही. ओसरीत बाबूजी होते, ते म्हणाले, ‘झालं का बेटा?’ ती ‘हो’ म्हणाली. मधल्या भिंतीतल्या दाराची कडी गंजलेली होती आणि बोटांना लागली. दार उघडताच आधी आवाज अंगावर आला. माडीवर जो घरघराट होता तो इथे दातांत शिरला, बरगड्यांत शिरला. धुळीने नाक भरलं. आणि त्या आवाजातही बायका बोलत होत्या, ओरडून, एकमेकींच्या कानाला तोंड लावून. हे तिला वरून कधी कळलंच नव्हतं. तिच्या फिल्ममध्ये त्या मुक्या होत्या. ती ढिगांच्या मधून चालत गेली, आणि ती येतेय हे पाहून एकेक बाई बोलायची थांबत गेली.

वर खिडकीत टिपणीसांनी कॅमेरा फिरवून खाली धरला होता. पुढे ती फिल्म बऱ्याच ठिकाणी दाखवली गेली. भावाने ती पुण्याला पाहिली आणि येऊन सांगितलं, की शेवटचा शॉट हाच आहे: पांढऱ्या आवारात एकटंच रंगीत लुगडं, हळूहळू पुढे जाणारं, आणि एक मजूरबाई उठून त्या लुगडेवालीच्या कानात काहीतरी सांगते. त्यावर निवेदकाचा भरदार आवाज येतो, की सात वर्षांनंतर ती उंबरठा ओलांडते आहे, दोघी बहिणी भेटताहेत. लोक टाळ्या वाजवतात. आवाज नंतर मुंबईत भरला होता.

तानुबाई खरंच उठली होती. जवळून ती वरून दिसायची त्यापेक्षा ठेंगणी होती, आणि तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं होतं. तिने राजकुंवरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘तूच का व ती खिडकीवाली?’ ती ओरडली. राजकुंवर हसली, दुसरं काय करावं ते सुचेना. तिला म्हणायचं होतं, की त्या दिवशी तुम्ही वर बघून काय म्हणाला होतात? ते मला सांगा. तिने ते म्हटलंही, पण जिनच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तानुबाईने मान हलवली. मग पुढे झाली, तिच्या कानाशी तोंड आणलं. तिच्या श्वासाला तंबाखूचा आणि सरकीचा वास होता.

‘वर जाय व माय,’ तानुबाई म्हणाली. ‘तू आठे हुभी ऱ्हायनी, तं मुकादमनी बठ्ठं काम थांबाडी दिन्हं. आम्हनी रोजी बुडी.’

राजकुंवरने आजूबाजूला पाहिलं. काम खरोखरच थांबलं होतं, म्हणजे त्यांची मजुरीही; मुकादम हात जोडून उभा होता आणि बायका टोपल्या खाली ठेवून बसल्या होत्या. भिंतीतल्या दारात हस्तीमल आले होते, काळजीने, धुळीसाठी नाकाला रुमाल लावून. वर जायचं तर त्या दाराकडे वळावं लागणार होतं, आणि दाराच्या बरोबर वर ती खिडकी, आणि खिडकीत तो काळा डोळा अजून चालू. म्हणजे परत जायचं तेही त्याच्याकडे तोंड करून, एक एक पाऊल त्याला देत. ती उभी राहिली. रुई तिच्या पापण्यांवर बसू लागली. आणि सगळ्या बायका, हात मांडीत घेऊन, ती कधी जाते याची वाट पाहत होत्या.